दुसरा आवंढा

१

पुस्तकं दुरुस्त करायची खोली ग्रंथालयाच्या मागच्या अंगाला होती. दुपारी एक वाजला की बारकी हातावरची खळ धुवायची, सुई-दोरा गुंडाळून ठेवायची आणि खिडकीपाशी बसून डबा उघडायची. एकवीस वर्षांचा नेम. वय चौपन्न, पण घरात शेंडेफळ म्हणून बारकी ती बारकीच राहिली. एकदा तिच्या ताईने ग्रंथालयात येऊन दारातूनच तशी हाक मारली, आणि तेव्हापासून तिथेही सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं.

ताईला जाऊन त्या दिवशी सहा आठवडे झाले होते. डब्यात पाव होता आणि उकडलेलं अंडं. समोर दाबाच्या यंत्रात चार जाडजूड पुस्तकं पाठ सुकवत पडली होती. बारकीने घास चावला, गिळला, आणि तो मध्येच थांबला. गळ्याच्या खाली, दोन हाडांच्या मधे खळगा असतो ना, बरोबर तिथे. दुखलं नाही, श्वासही कोंडला नाही. घास नुसता उभा राहिला.

बारकी वाट पाहत राहिली. मग घशात एक आवंढा गिळला गेला आणि घास खाली उतरला.

तिने पावाचा दुसरा तुकडा मोडला आणि तो हातातच धरून थबकली. आवंढा गिळला गेला होता खरा. पण तिने तो गिळला नव्हता.

मग तिची तीच स्वतःला हसली. आठ महिने ताईच्या समोर चमचा धरून बसलीस, म्हणाली, हात काय करतोय ते कळत नाही, तशी आता घशालाही सवय झालीय. डबा तिने संपवला, पण रोज दहा मिनिटांत संपणारा डबा त्या दिवशी पाऊण तास चालला.

२

ताई शहरातली बस चालवायची. चांगली अठ्ठावीस वर्षं. आवाज खणखणीत, हात मजबूत, आणि तहान तर अशी की विचारू नका. शेवटच्या थांब्यावर बस लावली की अख्खी बाटली एका दमात रिकामी करायची. तिच्या पाणी पिण्याला लहानपणापासून आवाज होता. घट्, आणि मागोमाग एक बारीक टक्, कुलपात किल्ली फिरावी तसा. वडील म्हणायचे, हिला पाणी जपून द्या, शेजारीपाजारी जागे होतात.

ताईच्या निवृत्तीनंतर दोघी बहिणी एकत्र राहत होत्या. दोघींचीही लग्नं झाली नव्हती, का ते विचारायचं लोकांनी कधीच सोडून दिलं होतं. मग एका सकाळी ताईच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं आणि गिळणं बिघडलं. गिळायला शिकवणारी एक बाई घरी यायची. तिने बारकीला सगळं समजावून दिलं होतं. पाणी साधं द्यायचं नाही, ते थेट फुफ्फुसात उतरतं. त्यात पावडर घालून दाट करायचं आणि चमच्याने भरवायचं. हनुवटी छातीशी टेकवायची. एक घास, दोन आवंढे. पहिल्याने घास सरकतो, दुसऱ्याने वाट मोकळी होते.

त्यामुळे आठ महिने बारकीच्या तोंडात दिवसातून शंभरदा एकच वाक्य असे. "गीळ ताई. आता पुन्हा गीळ."

डब्याच्या त्या दिवसानंतर रोज घास थांबू लागला. पावाचा थांबायचा, बटाट्याचा थांबायचा, केळ्याचासुद्धा. पहिल्या आवंढ्याने काही व्हायचं नाही. मग दुसरा यायचा, आपल्या मनाने, आणि वाट मोकळी करून जायचा.

रविवारी सकाळी बारकी न्हाणीघरातल्या आरशापुढे उभी राहिली. पावाचा तुकडा तोंडात घेतला, गळ्यावर दोन बोटं ठेवली. गिळलं. कंठ वर गेला, खाली आला. ती दगडासारखी स्थिर उभी राहिली, दातांवर दात धरून, जीभ टाळूला चिकटवून. नळ बंद होता. घरात कुणी नव्हतं.

बोटांखाली कंठ पुन्हा वर गेला.

घट्. आणि मागोमाग एक बारीक टक्.

३

ग्रंथपालबाई भली होती. बारकीचा चेहरा उतरलेला पाहून तिनेच घशाच्या डॉक्टरची वेळ ठरवून दिली. तिच्या आत्याला म्हणे असंच व्हायचं, आम्लपित्त निघालं. आणि शेजारणीच्या नवऱ्याची तर एक गोळी अन्ननलिकेत चिकटून बसली होती, तीन दिवस.

घशाची डॉक्टर तरुण होती, बोलायला मोकळी. तिने नाकातून एक बारीक नळी आत सोडली आणि पडद्यावर बारकीला तिचाच घसा दाखवला, ओला, गुलाबी. गाठ नाही, सूज नाही, काही अडकलेलं नाही. मग तिने एकेक कारण सांगितलं. पोटातलं आम्ल वर येतं आणि घसा चिडतो. गळ्यातली ग्रंथी वाढते आणि नळीवर दाब येतो. कधी नळीतच आतून एक पातळ कडं तयार होतं. कधी नळीच्या तोंडाशी जो स्नायू असतो तो वेळेवर सैल होत नाही. आणि कधी यातलं काहीच नसतं.

"घरात कुणी गेलं का अलीकडे?" तिने हातमोजे काढत विचारलं.

बारकीने सांगितलं, थोरली बहीण गेली. झोपेत गेली.

डॉक्टर म्हणाली की गळा दाटून आला असं आपण म्हणतो, ते काही उगाच नाही. तो स्नायू खरोखरच आवळतो. काहींचा आठवडाभर आवळलेला राहतो, काहींचा वर्षभर. घाबरू नका, तरी एक एक्स-रे काढून घेऊ, म्हणजे मनात किंतू नको.

बारकीला एवढं हलकं वाटलं की जिन्यावरून उतरताना ती दोनदा थांबून हसली. आपल्याला शोक झालाय. शोक कुणालाही होतो. दुसऱ्या आवंढ्याचं मात्र तिने डॉक्टरला सांगितलं नव्हतं. आणि रस्त्यावर आल्यावर तिच्या ध्यानात आलं, की झोपेत गेली हे वाक्य बोलून झाल्यावर तिला आवंढा गिळायचा होता, आणि तो गिळताच येत नव्हता.

४

एक्स-रेवाला मध्यमवयीन होता, कामाला वाघ आणि बोलायला कंजूस. त्याने बारकीला एका उभ्या फळीला पाठ लावून उभं केलं आणि हातात खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध दिलं. एक घोट तोंडात धरायचा, मी म्हटलं की एकदा गिळायचं. एकदाच. आणि मान सरळ ठेवायची. एवढं सांगून तो काचेच्या पलीकडे गेला.

पहिला घोट. दुसरा घोट. काचेमागून त्याचा आवाज आला, "बाई, एकदाच गिळायचंय."

ती म्हणाली, एकदाच गिळलं.

तिसरा घोट. आता तो जरा त्रासला. "आणि हनुवटी खाली का नेता? समोर बघा."

बारकी समोरच बघत होती. समोरच्या भिंतीवर आग विझवायचं लाल नळकांडं होतं आणि त्यावरची अक्षरं वाचत ती उभी होती. मान जरा जरी खाली झाली असती, तरी ते नळकांडं नजरेतून सुटलं असतं. तिने तसं सांगितलं. एक्स-रेवाल्याने बाहेर येऊन तिच्या डोक्यामागे एक पट्टा बांधला, पुन्हा आत गेला, पुन्हा चित्र घेतलं. मग तेच चित्र त्याने दोनदा मागे नेऊन पाहिलं.

बघू का, असं तिने विचारलं तेव्हा त्याने नियमाप्रमाणे नाही म्हणायला हवं होतं. पण तो बाजूला सरला. कदाचित त्यालाही दुसऱ्या कुणीतरी ते पाहायला हवं होतं.

पडद्यावर करडी कवटी होती, मानेचे मणके होते, आणि पांढरा घोट गळ्यात उतरून थांबला होता. थांबला, थांबला. मग पट्ट्याने बांधलेली ती कवटी जिथल्या तिथे असताना, तिच्या मागून एक फिकट सावली पुढे वाकली. हनुवटीची सावली. छातीशी टेकली. आणि घोट खाली गेला.

"पेशंट हलला की चित्र असं दुहेरी येतं," एक्स-रेवाला म्हणाला.

"पण पट्टा होता," बारकी म्हणाली.

"होता," तो म्हणाला, आणि त्याने पडदा बंद केला.

५

डॉक्टरच्या लेखी उत्तर मिळालं होतं. दुहेरी चित्राकडे तिने काणाडोळा केला. घोट थांबतो हे दिसलं, म्हणजे तो स्नायूच सैल होत नाही. सोमवारी सकाळी यायचं, झोपेचं औषध देऊन नळीत एक फुगा फुगवायचा, वाट रुंद होते, दुपारी घरी. दादाने फोनवर सांगितलं की तो रविवारी दुपारी घ्यायला येईल. दादा म्हणजे दोघींच्या मधला भाऊ. तीन तासांच्या अंतरावर राहायचा. तोवर नीट खा, म्हणाला.

खाणार काय. घट्ट खाणं बंद झालंच होतं, आता साधं पाणीही जाईना. पेला तोंडाला लावला की ठसका लागायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. पावडर घालून दाट केलेलं पाणी तेवढं उतरायचं, चमच्याचमच्याने. तीन आठवड्यांत तिचे कपडे अंगावर लोंबायला लागले. ग्रंथपालबाईने तिला घरीच थांबायला सांगितलं.

घरी थांबल्यावर बारकीला स्वतःची एक गोष्ट कळली आणि तिची तिलाच भीती वाटली. ती चमच्याची वाट पाहत असायची. सकाळी डोळा उघडला की ती स्वयंपाकघरात जायची, एक चमचा तोंडात घ्यायची आणि कान देऊन बसायची. घट्, टक्. तिच्या गळ्यात, पण ताईचं. दिवसातून वीसदा, तीसदा. मरणच जवळ येऊन बसलं होतं तिच्या, पण सोबत होती. सोमवारी फुगा फुगला की ही सोबत जाणार. बारकीला बरं व्हायचं नव्हतं.

आणि तरी तो आवंढा दिवसेंदिवस बदलत होता. पहिल्यापहिल्यांदा तो घास पुढे ढकलून निघून जायचा. आता चमचा रिकामा झाल्यावरही यायचा. तोंडात काही नसताना यायचा. एकामागून एक, कोरडे, घाईचे, जसं कुणी काहीतरी शोधतंय आणि ते तिथे नाही.

ते काय शोधतंय हे बारकीला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

ताई झोपेत गेली नव्हती.

त्या गुरुवारी सकाळी ताईने तिचं मनगट धरलं होतं, डाव्या हाताने. बोलायला तिला फार कष्ट पडत, पण हे तिने स्वच्छ म्हटलं होतं. "साधं पाणी. एक पेला."

बारकी म्हणाली होती, ताई, फुफ्फुसात जाईल.

"जाऊ दे," ताई म्हणाली होती.

बारकीला कामावर जायला उशीर झाला होता. आठ महिन्यांचा शीण अंगात होता. उद्या बघू, असं ती म्हणाली, तोडूनच म्हणाली, आणि ताईने भलतंच काही करू नये म्हणून रात्री स्वतःला प्यायला म्हणून तिने उशाशी ठेवलेला पाण्याचा जग उचलून कपाटावर ठेवला. वर, भिंतीशी.

अर्ध्या दिवसाचं काम उरकून दुपारी ती परत आली तेव्हा ताई पलंग आणि कपाट यांच्या मधे जमिनीवर होती. डावा हात कपाटाच्या दाराला लागलेला होता. जग वरच होता, भरलेला.

बारकीने तिला उचललं. कसं उचललं ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. पलंगावर निजवलं, पांघरूण नीट केलं, जग रिकामा करून पालथा घातला, आणि मग दादाला फोन लावला. झोपेत गेली, म्हणाली. दादा म्हणाला, सुटली बिचारी.

६

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला बारकीने जग भरला. साध्या पाण्याने. एक पेला घेतला आणि ताईच्या खोलीत गेली. पडदे उघडले. लख्ख ऊन आत आलं, पलंगावरच्या उघड्या गादीवर पडलं, कपाटाच्या दारावर पडलं. शेजारच्या घरात कुणीतरी खिळा ठोकत होतं.

पलंग आणि कपाट यांच्या मधे दोन माणसं जेमतेम बसतील एवढी जागा होती. बारकी तिथे जमिनीवर बसली, कपाटाला पाठ लावून. एक बाजू रिकामी सोडून. जग त्या बाजूला ठेवला.

बोलायचं खूप होतं. ती एवढंच म्हणाली, "ताई, मला उशीर होत होता गं."

तिने पेला भरला आणि एक घोट घेतला. ठसका लागला नाही. पाणी गळ्याशी जाऊन थांबलं. बारकीने गिळलं. पाणी हललं नाही. ती दुसऱ्या आवंढ्याची वाट पाहत राहिली, गळ्यावर बोटं ठेवून.

घट्.

बोटांखाली काही हललं नव्हतं.

टक्. आवाज तिच्या कानाशी होता, डाव्या बाजूला, जिथे तिने जागा सोडली होती. तिच्या गळ्यातलं पाणी आपोआप खाली उतरलं, आणि तरी आवाज चालूच राहिला. घट्, टक्. घट्, टक्. बारकीने समोरच्या गादीच्या शिवणीवर नजर खिळवली. भिंतीपलीकडचा हातोडा थांबला होता. ऊन जिथल्या तिथे होतं. तिच्या मनाने अजून एकदा धावाधाव केली. नळातून पाणी ठिबकत असेल, शेजारी कुणी पीत असेल, उपाशी पोटाला भास होतात. पण तिच्या मांडीला जग लागून होता आणि त्याचा थंडपणा हळूहळू खाली खाली सरकत होता. आधी मांडीशी थंड, मग त्याच्या खाली, मग तळाशी.

अकरा घोट तिने मोजले. बारावा. पंधरावा. जगात एवढं पाणी नव्हतंच. आता मात्र तिच्या अंगावर काटा आला, कारण आवाज कमी होत नव्हता, वाढत होता, घाई वाढत होती. कुणाची तहान एवढी असते? पाणी संपल्यावर ती काय पिते? बारकीला ओरडायचं होतं, तर घसा तिचा नव्हता.

तिने मान वळवली. पूर्ण नाही, डोळ्याच्या कोपऱ्यात येईल एवढीच.

मागे टाकलेला एक गळा. हनुवटी छातीशी नाही, वर, आढ्याकडे, शेवटच्या थांब्यावर ताई टाकायची तशी. सुरकुतलेली ओली कातडी, तिच्यावरून ओघळणारा पाण्याचा एक थेंब, आणि कंठ वर जातोय, खाली येतोय. त्याच्या वरचं तिने पाहिलं नाही. पुढे कित्येक वर्षं ती स्वतःला विचारत राहिली, की तेव्हा आपण डोळे मिटले ते भीतीने की लाजेने.

डोळे मिटल्यावर एक लांब श्वास ऐकू आला. तहान भागलेल्या माणसाचा. मग शेजारचा हातोडा पुन्हा सुरू झाला.

७

दादा एकच्या सुमाराला आला. पाव, चीज आणि सफरचंदं घेऊन आला, आणि टेबलावर ठेवताना त्याच्याच ध्यानात आलं की बहिणीला यातलं काहीच गिळता येत नाही. ओशाळला. तुझ्यासाठी सूप करतो म्हणाला, पण पातेलं कुठे आहे ते त्याला सापडेना.

बारकीने खुर्ची ओढली आणि पावाचा तुकडा मोडला. दादा बघत राहिला. तिने चावला, गिळला.

"गेला?" त्याने विचारलं.

"गेला."

म्हणजे उद्याचं रद्द करायला हवं, असं तो म्हणाला. मग म्हणाला नको, तरी दाखवून येऊ. त्याला एवढा आनंद झाला की तो एकदम खूप बोलायला लागला. रस्त्यावरची गर्दी, गुडघा, मुलीची नवी नोकरी. बारकीने त्याला बोलू दिलं. मग तो दम घ्यायला थांबला तेव्हा तिने सांगितलं. गुरुवार, मनगट, जग, कपाट, जमीन. एका दमात, कुठेही न अडकता. शब्द असे बाहेर पडत गेले की तिचं तिलाच नवल वाटलं.

दादाने हातातली सुरी खाली ठेवली. त्याचे ओठ हलत होते. मग तो टेबलाला वळसा घालून आला आणि तिच्या शेजारी बसला. तिचा हात त्याने हातात घेतला नाही. नुसता आपला हात तिच्या हाताला लागेल असा टेबलावर ठेवला.

"तू पाणी दिलं असतंस," तो शेवटी म्हणाला, "तरी..."

"दिलं," बारकी म्हणाली. "आज दिलं."

दादाने तिच्याकडे पाहिलं. त्याने एक सफरचंद घेतलं, सोललं, चार फोडी केल्या आणि बशी तिच्यापुढे सरकवली. खा, म्हणाला. किती वाळलीयस.

बारकीने एक फोड तोंडात टाकली. चावली. गिळली. ती सरळ खाली गेली, कुठे थांबली म्हणून नाही. बारकी तशीच बसून राहिली, दातांवर दात धरून, कान देऊन. स्वयंपाकघर शांत होतं. दादाच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू येत होतं. तिने मोजलं, दहापर्यंत, मग वीसपर्यंत.

काही आलं नाही.

"अडकलं का गं?" दादाने घाबरून विचारलं, कारण तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

तिने मान हलवली. नाही. काही अडकलं नव्हतं. तिने दुसरी फोड घेतली. तीही उतरली. मग तिसरी.